अर्ज आल्यावर

२०१२ सालच्या मार्चमधला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सहा. रक्कम रुपये एक हजार आठशे, शंभराच्या अठरा नोटा, पांढऱ्या पाकिटात. हजर: पाळकसाहेब, वडीलमंडळींपैकी शांतवनकाका आणि आणखी दोघे, चिटणीस म्हणून मी, आणि ते पाकीट घेऊन आलेल्या एस्तेरबाई साळवे. जागा: चर्चमागची पाळकांची खोली.

ही नोंद माझ्याच हातची आहे. माझी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, स्टोअरकीपरची. पगार तिथला. पण गेली पंचवीस वर्षे मी आणखी एक काम करतो आहे, आमच्या मंडळीच्या चिटणीसाचे. मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला येणारी सगळी कुटुंबे; पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू आणि वडील म्हणजे त्यांच्या कमिटीवरचे ज्येष्ठ सभासद. बाप्तिस्मे, लग्ने, दफने यांची रजिस्टरे ठेवणे, सभांचे इतिवृत्त लिहिणे, दाखले देणे हे चिटणीसाचे काम. याचा मला एक रुपयाही मिळत नाही आणि मिळू नये असेच माझे मत आहे.

दाखले मागायला नाना तऱ्हेचे लोक येतात. एक गृहस्थ बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मसाल दोनने पुढे करून मागत होते, कारण निवृत्ती जवळ आली होती. मी नाही म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, देवाला माझं वय ठाऊक आहे, कंपनीला कशाला सांगायचं?" एका बाईंनी जिवंतपणी स्वतःच्या कबरीची जागा पाहून ठेवली आणि दर सहा महिन्यांनी येऊन रजिस्टरमध्ये ती अजून आपल्याच नावावर आहे ना, हे त्या तपासत. अशांचे मी हसून, कधी वैतागून करत आलो. अक्षर चांगले, हिशेब चोख, आणि कागद असल्याशिवाय काम नाही, असा माझा लौकिक आहे. त्या लौकिकाचा मला अभिमान होता. हा लेख त्या अभिमानाबद्दल आहे.

प्रभुभोजनाबद्दल थोडे सांगायला हवे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजनाचा विधी होतो. प्रभू येशूच्या मरणाची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. बाकांच्या रांगा एकेक करून पुढे जातात, कठड्याशी गुडघे टेकतात, पाळक प्रत्येकाला देतात. आम्ही वाइन वापरत नाही, साधा द्राक्षरस वापरतो. नाशिकला राहून बाजारातला डबाबंद रस आणायचा, हे आमच्या वडीलधाऱ्यांना पटले नसते. म्हणून वर्षभराचा रस मार्चमध्ये घरी करायचा, हा आमच्याकडचा रिवाज. तो एस्तेरमावशी करत.

मावशी मूळच्या येवल्याकडच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. नवरा लवकर गेला. इथल्या एका दवाखान्यात आयाचे काम करून त्यांनी मुलीला शिकवले आणि संगमनेरला दिले. स्वतः जेल रोडला दोन खोल्यांत एकट्या राहत. दिंडोरीच्या एका बागायतदाराकडून काळी द्राक्षे यायची, निर्यातीतून बाद झालेली, घडातून सुटलेले मणी. चाळीस-पंचेचाळीस किलो. मावशी ती मिठाच्या पाण्यातून दोनदा काढत, मंद आचेवर शिजवत, मलमलीच्या फडक्यातून गाळत. मग रस पुन्हा तापवून उकळत्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांत गरम गरमच भरायचा आणि बुचावर मेण ओतायचे. भरलेल्या बाटल्या पुन्हा अर्धा तास गरम पाण्यात उभ्या ठेवायच्या. यातली एक पायरी चुकली की रस आंबतो. महिन्याला तीन बाटल्या लागत, म्हणजे वर्षाला छत्तीस. मंडळी बाटलीमागे पन्नास रुपये देत असे. बाटल्या त्यांच्याच घरी राहत. दर महिन्याला तीन घेऊन त्या येत.

तर त्या शनिवारी मावशींनी पाकीट टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच सांगितले. आदल्या वर्षी रस भरत असताना संगमनेरहून फोन आला, मुलीला कळा सुरू झाल्या. पहिल्या नऊ बाटल्या नीट झाल्या होत्या. उरलेल्या सत्तावीस त्यांनी घाईत भरल्या, गरम पाण्यात ठेवल्या नाहीत, आणि एस.टी. पकडली. मध्ये एकदा धावत येऊन चांगल्यातल्या सहा, एप्रिल-मेच्या, पोचवून गेल्या. जूनमध्ये परत आल्या तेव्हा त्या सत्तावीसही आंबल्या होत्या. तोवर हंगाम संपलेला. बागायतदाराची द्राक्षे पुन्हा मार्चमध्ये.

"मग?" शांतवनकाका म्हणाले. ते आयटीआयमधून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ वडील.

"मग मी सरबत आणलं," मावशी म्हणाल्या. "दुकानातलं. जांभळ्या रंगाचं. पाण्यात करून त्याच बाटल्यांत भरलं. जुलैपासून नऊ महिने तेच आणलं."

मला आठवले, ऑगस्टमध्ये शांतवनकाका विधीनंतर बाहेर येऊन म्हणाले होते, यंदाचा रस गोड उतरलाय. काकांनाही ते आठवले असणार, कारण त्यांचा चेहरा लाल झाला.

"एस्तेरबाई, नऊ महिने आम्ही प्रभूच्या मेजाशी काय प्यालो?"

"सरबत," मावशी म्हणाल्या.

"आणि तुम्ही स्वतः?"

"मी पण तेच. मला तर ठाऊक होतं. म्हणून तर आले."

कोणी पकडले नव्हते. कोणाला कळलेही नसते. नव्या हंगामाची द्राक्षे दुसऱ्या दिवशी यायची होती. नव्या बाटल्या भरण्याआधी सांगायला हवे, एवढेच त्यांना वाटत होते. मी पाकीट मोजले आणि म्हणालो, "मावशी, सत्तावीस बाटल्यांचे तेराशे पन्नास होतात. नऊ बाटल्या तुम्ही नीट दिल्या होत्या. चारशे पन्नास जास्त आहेत."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या नऊ मोजून मी काय करू?"

मी ते चारशे पन्नास 'उपकारस्तुतीचे दान' या सदरात जमा धरले. आज आठवले की स्वतःची लाज वाटते, पण पावती मी तेव्हाच फाडून हातात दिली होती.

चर्चा तासभर चालली. पाळकसाहेब वयस्कर, मवाळ. ते म्हणत होते, लोकांनी स्मरण खरे केले, पेल्यात काय होते त्यावर ते अवलंबून नाही. शांतवनकाका म्हणत होते, प्रश्न सरबताचा नाही, फसवणुकीचा आहे, आणि तीही त्या मेजावर. मला दोघांचेही पटत होते. शेवटी ठरले: मावशींनी सहा महिने प्रभुभोजन घेऊ नये. याला आमच्यात शिस्त म्हणतात. बहिष्कार नव्हे. माणूस उपासनेला येतो, गातो, दान देतो. फक्त आपल्या रांगेची पाळी आली की बाकावर बसून राहतो.

मावशी "बरं" म्हणाल्या. दारातून वळून त्यांनी विचारले, "उद्या द्राक्षं येतील. रस कोण करील?"

याचा विचार कोणी केला नव्हता.

त्या वर्षीचा रस माझ्या घरी झाला. करुणाने, माझ्या पत्नीने, मन लावून केला. बाटल्या मी वेस्ट्रीतल्या, म्हणजे पाळकांच्या झगा घालायच्या खोलीतल्या, कपाटात ओळीने लावल्या, प्रत्येकीवर क्रमांक घातला. मे महिन्यात एका रविवारी शुभवर्तमानाचे वाचन चालू असताना कपाटातून बार निघाल्यासारखा आवाज आला, मग दुसरा. पाळकसाहेबांचा पांढरा झगा आत टांगलेला होता. तो धुऊनही शेवटपर्यंत जांभळाच राहिला. करुणा महिनाभर महिला मंडळाला गेली नाही. शांतवनकाका मात्र तिला म्हणाले, "पोरी, तुझ्या बाटल्या निदान खोटं तरी बोलल्या नाहीत." ती आणखी रडली.

मग उरलेले वर्ष आम्ही दुकानातून पाकिटातला द्राक्षरस आणला. कमिटीत ठराव झाला, सूचक शांतवनकाका, अनुमोदक मी. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिले होते, रसाचे प्रमाण वीस टक्के, बाकी पाणी, साखर आणि रंग. म्हणजे मावशींनी जे केले तेच आम्ही केले. फरक एवढाच, की आम्ही ठराव करून केले.

त्याच जूनमध्ये पाळकसाहेबांची बदली झाली. आमच्याकडे बदल्या ठरलेल्या मुदतीने होतात. नवे आले. सप्टेंबर संपला, सहा महिने पुरे झाले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी नेहमीसारखा मागून तिसऱ्या बाकावर बसलो होतो. विधी चालू असताना पुढे जाणारे मोजणे हेही माझेच काम: पुरुष किती, स्त्रिया किती. मावशींचा बाक शेवटचा, माझ्या मागे. त्यांच्या रांगेची पाळी आली तेव्हा मी वळून पाहिले. त्यांनी गुडघे एका बाजूला वळवले आणि इतरांना जायला वाट करून दिली. मी लिहिले: पुरुष बावन्न, स्त्रिया एकसष्ट.

मला वाटले, अर्ज दिलेला दिसत नाही.

अर्जाचे असे, की ठराव इतिवृत्तात मी असा लिहिला होता: 'सहा महिन्यांनंतर अर्ज आल्यावर परत घेण्यात यावे.' आमच्या घटनेत तसे कलम आहे. शिस्तीखालच्या सभासदाने परत येण्यासाठी लेखी विनंती करायची, कमिटीने ती मंजूर करायची. आणि स्टोअरमध्ये माझी सगळी हयात याच नियमावर गेलेली. मागणीची चिठ्ठी आल्याशिवाय खिडकीतून साधा नटबोल्टही बाहेर जात नाही. मशीन बंद पडून समोरचा कितीही घायकुतीला आलेला असो, मी म्हणतो, आधी चिठ्ठी. माल आहे, मला द्यायचाही आहे, पण चिठ्ठी.

मार्च आला. शांतवनकाकांनीच मला जेल रोडला पाठवले. "जा, एस्तेरबाईंना विचार. पाकिटातलं माझ्या घशाखाली उतरत नाही."

मी गेलो. मावशींनी चहा केला. मी म्हणालो, कमिटीची विनंती आहे, यंदा रस तुम्ही करावा.

"मी करू?" त्या म्हणाल्या. "चालेल का?"

"चालेल. ठराव झालाय."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी कप खाली ठेवून उठलो तशा त्याही उठल्या आणि दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"अजून काही निरोप दिलाय का, चिटणीस?"

"नाही मावशी," मी म्हणालो. "छत्तीसच. दरसालसारख्या."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्या दाराचा निळा रंग, उंबऱ्यावर उभ्या असलेल्या त्या, आणि पायऱ्या उतरणारा मी. ती वेळ परत मिळाली असती तर मी आयुष्यातले बरेच काही त्या बदल्यात देऊन टाकले असते. पण तेव्हा मी खाली येऊन स्कूटरला किक मारली आणि मनात म्हणालो, मानी बाई आहे. दोन ओळींचा अर्ज द्यायला हात धजत नाही.

पुढची दहा वर्षे मी त्यांना मानी बाई समजत राहिलो. दर जानेवारीला नवे रजिस्टर उघडायचे, जुन्यातली नावे उतरवायची. शेवटचा रकाना 'शेरा'. मावशींच्या नावापुढे मी 'शिस्तीखाली' असे लिहायचो. नवीन पाळक आले की रजिस्टर बघायचे, ते बघून गप्प राहायचे. तीन पाळक झाले. दर मार्चला छत्तीस बाटल्या भरल्या जायच्या, एकही कधी आंबली नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मावशी तीन बाटल्या वेस्ट्रीत आणून द्यायच्या, स्वतः छोटे पेले भरायला लागायच्या, ट्रेवर पांढरे फडके झाकायच्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. पाळी आली की गुडघे वळवायच्या. हळूहळू कोणाच्या ते लक्षातही येईनासे झाले. तरुण मुलांना वाटे, मावशींना मधुमेह असेल.

मला मात्र दिसे, कारण मी मोजत होतो. रांगेतले लोक कठड्याशी वाकत तेव्हा मावशींची मान थोडी वर व्हायची. बाहेरून येणाऱ्या गाडीकडे बघावे तसे त्या पुढे बघत. मग ट्रे रिकामा होऊन मेजावर परत यायचा आणि त्या मान खाली घालायच्या.

एकदा करुणा म्हणाली, "अहो, तुम्हीच का नाही सांगत त्यांना अर्जाचं?"

"मी सांगून लिहिलेला अर्ज तो अर्ज का?" मी म्हणालो. "आतून यायला हवा."

हे मी मोठ्या गांभीर्याने म्हणालो होतो.

२०२३ च्या मार्चमध्ये मी बाटल्या मोजून घ्यायला जेल रोडला गेलो. मावशी एकोणसत्तरच्या झाल्या होत्या. मेण ओतताना त्यांचा हात हलत होता. गुडघे धरले होते. म्हणाल्या, "दोन-तीन वर्षं जमेल आता. मग दुसरं माणूस बघा." आणि मी नियम मोडून, म्हणजे मला तो नियम मोडणे वाटत होते, म्हणालो:

"मावशी, एक अर्ज टाका की. दोनच ओळी. किती वर्षं झाली."

"कसला अर्ज?"

"प्रभुभोजनाचा. परत घेण्याबद्दल."

त्यांनी हातातले मेणाचे भांडे स्टोच्या कडेला ठेवले. "अर्ज द्यायचा असतो?"

"म्हणजे काय मावशी. ठरावात आहे."

"मला कोणी सांगितलं नाय." त्या खुर्चीवर बसल्या. "आमच्या गावी, वडिलांच्या मंडळीत, पाळकच हाक मारायचे. वेदीपासून. नाव घेऊन. अमुक बाई, तुमची जागा रिकामी हाय, या. लोक वळून बघायचे, ती बाई उठायची. मी लहान असताना बघितलंय. मला वाटलं, हाक येईल. नाय आली तर अजून पुरं झालं नसेल. माझं पाप लहान नव्हतं ना रे. मेजावरचं होतं."

"अकरा वर्षं?"

"मी कशी ठरवणार, किती ते?"

बाटल्या मोजायच्या राहिल्या. घरी येऊन माळ्यावरून जुने दप्तर काढले. मी इतिवृत्ताच्या पक्क्या वहीबरोबर कच्ची टिपणेही जपून ठेवतो, पेन्सिलीने सभेत बसल्या बसल्या घेतलेली. त्या शनिवारचा कागद सापडला. अक्षर माझेच. 'सहा महिने. मग पाळक नाव घेऊन बोलावतील.' खाली रेघ.

कच्च्यात अर्ज नव्हता. सभेत तो शब्द कोणी काढलाच नव्हता. पाळकसाहेबांना ती जुनी पद्धत ठाऊक होती आणि हाक ते स्वतःच मारणार होते. घरी पक्के करताना घटनेतले कलम मला आठवले आणि मी ते दोन शब्द घातले: 'अर्ज आल्यावर'. ठराव नियमाप्रमाणे व्हावा म्हणून. पुढच्या सभेत वाचून कायम झाला, कोणी ऐकला नाही. पाळकसाहेबांची बदली झाली आणि हाक त्यांच्याबरोबर गेली. इथे राहिले माझे दोन शब्द.

त्या दुपारी मी हिशेब केला. सहा महिन्यांची शिस्त संपल्यानंतरचे पहिले रविवार एकशे सव्वीस. त्यातून टाळेबंदीत चर्च बंद होते ते चौदा वजा. एकशे बारा वेळा त्या बाईने आपल्या हाताने भरलेला पेला आपल्या समोरून जाऊ दिला. तिच्यामुळे नऊ महिने आम्हाला सरबत मिळाले. माझ्यामुळे तिला साडेदहा वर्षे काहीच मिळाले नाही. तिने स्वतः येऊन सांगितले होते. माझे पाप तर मला पाप म्हणून ठाऊकही नव्हते. मी त्याला चोख काम समजत होतो.

लहानपणापासून आम्ही शिकतो, की कृपा म्हणजे जिच्यासाठी काही द्यावे लागत नाही ती. मला हे तोंडपाठ आहे, रविवारच्या शाळेत मी ते मुलांना शिकवलेही आहे. आणि त्याच कृपेच्या खिडकीत बसून मी चिठ्ठी मागत होतो.

कमिटीत मी दोन्ही कागद ठेवले. शांतवनकाका आता ब्याऐंशीचे, काठी घेऊन आलेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले.

"तुझं अक्षर चांगलं म्हणून तुला चिटणीस केला," ते म्हणाले. "तेच चुकलं."

"काका, माझ्यावरही शिस्त लावा. सहा महिने."

"गप रे. आता तुझ्यासाठी ठराव लिहायचा कोणी, तूच ना?"

सध्याचे पाळक तरुण आहेत, तिशीचे. ते हसले नाहीत. म्हणाले, "भाऊ, तुम्ही आधी मावशींकडे जा."

मी गेलो. दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले, सगळे सांगितले, क्षमा मागितली. मावशींनी पेन्सिलीचा कागद हातात घेऊन डोळ्यांजवळ धरला. खूप वेळ धरला.

"म्हणजे सप्टेंबरातच झालं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी उगाच बसले."

त्यांनी कागद घडी करून परत दिला. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "लय चव यायची वाटायची रे. फडक्यातून गाळताना बोटाला लागायचा. मी बोट पण चाटत नव्हते. पाण्याखाली धरायचे." आणि चहा ठेवायला उठल्या.

एप्रिलचा पहिला रविवार. त्या वर्षी तो झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. बाकांवर मुलांनी आणलेल्या हिरव्या झावळ्या पडल्या होत्या. मावशींनी पेले भरले, फडके झाकले, शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. मी पाळकांना सांगून ठेवले होते, पण मावशींना काही सांगितले नव्हते. पाळकांचे तसेच म्हणणे होते.

भाकरी मोडून झाली. पहिली रांग उठण्याआधी पाळक मेजापुढे आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "एस्तेरबाई साळवे. तुमची जागा रिकामी आहे, या."

सगळे वळले. मावशी उठल्या. बाकाला धरून, मग पुढच्या बाकाला धरून, अशा त्या मधल्या वाटेने चालत गेल्या. कोणी हात द्यायला उठले नाही, आणि ते बरे झाले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येईना, म्हणून कठडा धरून उभ्या राहिल्या. त्यांनी पेला दोन्ही हातांत घेतला. पंधरा मिलिलिटर रस असतो त्यात. त्यांनी तो तीन घोटांत घेतला.

मग रांगा सुरू झाल्या. मी मोजत होतो. स्त्रिया चौसष्ट. माझ्या बाकाची पाळी आली, शेजारचे उठले, मी गुडघे बाजूला वळवून त्यांना वाट दिली आणि वही मांडीवर घेऊन बसून राहिलो. कमिटीने काही लावले नव्हते तरी मी माझ्यापुरते ठरवले होते.

मावशी इतका वेळ कठड्याशीच उभ्या राहिल्या होत्या, त्या आता बाजूच्या वाटेने परत येत होत्या. माझ्या बाकाशी थांबल्या.

"मोजलंस का मला?" हळूच विचारले.

"मोजलं."

"आणि तू?"

"मी सहा महिने थांबणार आहे, मावशी."

"कोण म्हणालं?"

"कोणी नाही. मीच."

"अस्सं. अर्ज दिलास वाटतं." त्यांच्या तोंडाला द्राक्षांचा वास येत होता. "ऊठ, विलास. ते थांबलेत."

मी वर पाहिले. शेवटची रांग परतली होती आणि पाळक हातात ट्रे घेऊन खरोखरच थांबले होते. मी वही बाकावर ठेवली आणि उठलो. त्या रविवारी पुरुष किती झाले ते मी लिहिले नाही. तो आकडा वहीत कोराच आहे.

मावशी त्यानंतर दोन वर्षे नाशिकला होत्या. तो धरून चोवीस पहिले रविवार आले, दोन गुडघ्यांमुळे चुकले. बावीस वेळा त्या पुढे गेल्या. एकशे बारासमोर बावीस ठेवून मी अनेकदा पाहिले आहे. त्यांची वजाबाकी मी करत नाही. आता रस करुणा करते, मावशींनी शेजारी बसवून शिकवल्याप्रमाणे, आणि तो आंबत नाही. तरी पहिल्या रविवारी विधी चालू असताना मी अजून वळून शेवटच्या बाकाकडे बघतो. तिथे आता कॉलेजची मुले बसतात.

गेल्या मार्चमध्ये मुलगी त्यांना संगमनेरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी मी शेवटचे व्हाउचर घेऊन गेलो. दर आता बाटलीमागे एकशे वीस. मी छत्तीसचे चार हजार तीनशे वीस लिहून नेले होते. मावशींनी ते वाचले आणि परत दिले.

"एक कमी कर. एक मी नेतेय. तिकडे पाकिटातला असतो म्हणे."

"न्या की मावशी, तिचे पैसे कसले."

"नाय. कमी कर."

मी आकडा खोडून बाजूला सही केली. बाटल्या पस्तीस, रुपये चार हजार दोनशे फक्त, श्रीमती एस्तेर साळवे यांना रोख दिले. त्यांनी दोनदा मोजून घेतले.